नवा भारी स्कोप आत्ताच घ्यावा की थोडं थांबावं, हे कसं ठरवायचं

स्कोपवर (म्हणजे ऑसिलोस्कोप, सिग्नलचा व्होल्टेज वेळेनुसार कसा बदलतो ते स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) डेड टाईमचा मिनिमम आकडा शून्य दिसला आणि आमच्या भोसरीच्या शेडमध्ये दोन दिवस नुसती रडारड. डेड टाईम म्हणजे वरचा मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) बंद होऊन खालचा चालू व्हायच्या मधली फट, ती कोडमध्ये २५० नॅनोसेकंदाची ठेवलेली, आणि स्कोप म्हणतोय कधी शून्य तर कधी १ मायक्रोसेकंद. शून्य म्हणजे दोन्ही एकदम चालू, म्हणजे धूरच. कोड लिहिणाऱ्या पोराने चारदा सगळं तपासलं, मी त्याला दोन शब्द बोललो पण (नंतर चहा पाजून माफी मागितली), आणि शेवटी कॅप्चर थांबवून झूम केलं तर फट अगदी व्यवस्थित २५०. झालं असं होतं की स्क्रीनवर एकूण १०० मिलिसेकंद, मेमरीत १ कोटी पॉइंट, म्हणजे दर १० नॅनोसेकंदाला एक पॉइंट, पण मेजरमेंटचं गणित तो स्कोप त्यातल्या फक्त १ लाख पॉइंटवर करत होता, म्हणजे दर १ मायक्रोसेकंदाला एक. हे ना स्क्रीनवर लिहिलेलं ना मॅन्युअलमध्ये. कंपनीचं नाव सांगत नाही, त्यांनी सात महिन्यांनी फर्मवेअरमध्ये (स्कोपच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) ते दुरुस्त केलं. आम्ही घेतला तेव्हा मॉडेल बाजारात येऊन जेमतेम चार महिने झाले होते.

त्यानंतर गेल्या काही वर्षांत आमच्यासाठी आणि ओळखीतल्या दोनतीन जणांसाठी स्कोप निवडायची वेळ आली, त्यातून जी पद्धत बसली ती इथे लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो, नवीन मॉडेलचं हार्डवेअर बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून ठीक असतं. कच्चं असतं ते फर्मवेअर, प्रोब (सर्किटला लावून सिग्नल स्कोपपर्यंत आणणारी वायर) आणि सर्व्हिस. आणि हा कच्चेपणा डेटाशीटवर दिसत नाही, आपल्या टेबलावर आपला बोर्ड लावल्यावरच दिसतो.

नवीन म्हणजे नेमकं काय नवीन

पहिल्यांदा हे फोडून बघा. १२ बिटचे स्कोप (बिट जास्त तितक्या व्होल्टेज मोजायच्या पायऱ्या बारीक) काही काल आलेले नाहीत, लेक्रॉयने एचडीओ सिरीज २०१२ मध्येच आणली होती. टेक्ट्रॉनिक्सची ५ सिरीज २०१७ ची, रोड अँड श्वार्झचा एमएक्सओ ४ हा २०२२ चा, तो सेकंदाला ४५ लाख वेव्हफॉर्म (सिग्नलची चित्रं) दाखवतो म्हणून गाजला, आणि कीसाइटने २०२४ मध्ये एचडी३ आणला तो १४ बिटचा. सिग्लेंट, रायगॉल पण १२ बिटात कधीच उतरलेत. म्हणजे "१२ बिट आहे म्हणजे नवीन टेक्नॉलॉजी, थांबा" हे म्हणण्यात काही अर्थ राहिलेला नाही.

नवीन काय आहे ते बघायचं तर तीन प्रश्न. त्या कंपनीची आतली चिप नवीन आहे का, फर्मवेअरचा सगळा पायाच नवीन आहे का, की जुन्याच पायावर नवा डबा आणि मोठा डिस्प्ले? तिसरा प्रकार असेल तर मॉडेल गेल्या महिन्यात आलं असलं तरी बिनधास्त विचार करा, कारण त्याच्यातले किडे आधीच्या मॉडेलवाल्यांनी पैसे देऊन शोधून ठेवलेत. ओळखायचं कसं? प्रोग्रॅमिंग मॅन्युअल डाउनलोड करून बघायचं, जुन्या सिरीजचं आणि नव्या सिरीजचं मॅन्युअल एकच असेल किंवा ऐंशी टक्के कमांड सारख्या असतील तर पाया जुना. सगळ्या कमांड बदलल्या असतील तर सगळं नव्याने लिहिलंय, तिथे मी पहिलं वर्ष लांबूनच नमस्कार करतो.

डेटाशीट वाचताना चष्मा लावा

डेटाशीटच्या पहिल्या पानावरचे मोठे आकडे सोडा, तळटिपा वाचा. सँपल रेट, म्हणजे सेकंदाला किती पॉइंट मोजतो तो, ५ गिगासँपल (५०० कोटी) लिहिलेला असतो पण तो एकच चॅनल चालू असताना, दोन चालू केले की अर्धा, चार केले की अजून अर्धा, हे बऱ्याच स्कोपमध्ये होतं. ५ चे सव्वा झाले आणि बँडविड्थ (किती फ्रिक्वेन्सीपर्यंतचा सिग्नल नीट दिसतो ती) ५०० मेगाहर्ट्झची असली तर जेमतेम अडीच पट उरतं, तेवढ्यात काम भागतं पण हाताशी काही राहत नाही. तसंच १ गिगाहर्ट्झची बँडविड्थ ही ५० ओहम इनपुटला असते, १ मेगाओहमला बऱ्याच जणांची ५०० मेगाहर्ट्झवरच थांबते. आणि पूर्ण बिट पूर्ण सँपल रेटला मिळतात का, की रेझोल्यूशन वाढवलं की बँडविड्थ खाली येते, हे पण तिथेच बारीक अक्षरात असतं.

बिटचं पण तसंच. ८ बिट म्हणजे २५६ पायऱ्या, १२ बिट म्हणजे ४०९६. १०० मिलिव्होल्ट पर डिव्हिजनला (डिव्हिजन म्हणजे स्क्रीनवरचा एक चौकोन) आठ डिव्हिजन धरले तर ८०० मिलिव्होल्ट, एक पायरी ८ बिटला ३.१ मिलिव्होल्ट आणि १२ बिटला ०.२ मिलिव्होल्ट. ऐकायला भारी वाटतं, पण स्कोपच्या पुढच्या अँप्लिफायरचा नॉईज एका पायरीपेक्षा मोठा असला तर खालचे बिट नुसते नाचत बसतात. म्हणून ईएनओबी विचारायचा, म्हणजे नॉईज आणि डिस्टॉर्शन वजा जाता खरे कामाचे बिट किती, आणि तो कुठल्या फ्रिक्वेन्सीला ते पण विचारायचं. १२ बिट लिहिलेल्या स्कोपचा हा आकडा वरच्या फ्रिक्वेन्सीला ८ ते ९ च्या घरात येतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण जी कंपनी हा आकडा देतच नाही तिच्याकडून मी मेलवर लेखी मागतो. एकदा सेल्सवाल्या साहेबांनी "सर, तो आकडा कोणी विचारत नाही" असं उत्तर दिलं होतं. म्हटलं मी विचारतोय ना.

वेव्हफॉर्म पर सेकंदचं जरा गणित करून बघा म्हणजे तो आकडा आपल्या कामाचा आहे का ते कळेल. १० नॅनोसेकंद पर डिव्हिजनला स्क्रीनवर १०० नॅनोसेकंद. सेकंदाला १० लाख वेव्हफॉर्म म्हणजे स्कोप एकूण वेळेच्या १० टक्केच बघतोय, बाकी ९० टक्के वेळ डोळे मिटलेले. सेकंदातून एकदा येणारा ग्लिच (सिग्नलमधला क्षणभराचा बिघाड) असेल तर सरासरी १० सेकंदांत सापडेल. हाच आकडा १० हजार असेल तर साधारण १७ मिनिटं बसावं लागेल. पण त्या ग्लिचवर सरळ रंट (अर्धवट उंचीचा पल्स) किंवा पल्स विड्थ ट्रिगर (अमुक दिसलं की कॅप्चर कर अशी अट) लावता येत असेल तर हा आकडा गेला उडत, कारण ट्रिगर सर्किट मधल्या फटीपुरतं सोडलं तर सतत वाट बघत असतं. काय बिघडलंय हेच माहीत नसतं तेव्हा हा आकडा कामाला येतो.

फर्मवेअरची कुंडली

ही पायरी लोक गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त इथेच कळतं, पैसे पण लागत नाहीत. कंपनीच्या साईटवरून फर्मवेअरच्या रिलीज नोट काढायच्या, पहिल्यापासून आजपर्यंतच्या सगळ्या, आणि चहा घेऊन तासभर वाचत बसायचं. नुसती किती व्हर्जन आली ते मोजू नका, काय दुरुस्त झालंय ते बघा. "ट्रिगर चुकत होता", "मेजरमेंट चुकीचं येत होतं", "सेल्फ कॅलिब्रेशननंतर ऑफसेट (शून्याची रेघ) सरकत होता" असलं काही शेवटच्या दोन व्हर्जनपर्यंत येत असेल तर माल अजून कच्चा आहे. तेच जर "भाषांतरातली चूक", "अमुक प्रिंटर चालत नव्हता" इतक्यावर आलं असेल तर समजायचं पिकलंय. आणि गंमत म्हणजे जिथे नोटमध्ये फक्त "काही दोष दूर केले" एवढंच दर वेळेला लिहिलेलं असतं तिथे मला जास्त भीती वाटते, कारण काय दुरुस्त झालं हे न सांगणारी कंपनी काय बिघडलेलं आहे ते पण सांगणार नाही.

माहीत असलेल्या अडचणींची यादी कंपनी देते का तेही बघा. देत असेल तर त्या कंपनीला माझ्याकडून एक गुण जास्त, यादी लांब असली तरी.

विंडोजवर चालणारा मोठा स्कोप असेल तर आत कुठलं विंडोज आहे ते विचारा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तुमच्या ग्राहकाच्या आयटीवाल्यांनी नेटवर्कला लावू दिला नाही तर दीड डझन लाखांचा स्कोप पेन ड्राइव्हवर चालवत बसाल.

डेमो: कोणता, किती दिवस, कोणत्या अटीवर

शोरूममधला किंवा हिंजवडीच्या हॉटेलातला अर्ध्या तासाचा डेमो म्हणजे दुरून डोंगर साजरे. तिथे त्यांचा बोर्ड, त्यांचा सिग्नल, त्यांनी दहा वेळा घोकलेला क्रम. युनिट आपल्याकडे किमान आठवडाभर मागायचं. लाखांची ऑर्डर असेल तर बहुतेक जण देतात, जरा चिकाटी लागते.

दोन गोष्टी आल्याबरोबर करायच्या. एक, फर्मवेअर व्हर्जन आणि हार्डवेअर रिव्हिजनचा फोटो काढून ठेवायचा, म्हणजे नंतर येणारा माल तोच आहे का ते बघता येतं. दुसरं, डेमो युनिटवर सगळे ऑप्शन उघडलेले असतात, तर कोटेशनमध्ये जे आहेत तेवढेच ठेवून बाकीचे बंद करून द्या म्हणायचं. आमच्या ओळखीच्या एकाने पॉवर अॅनालिसिस बघून स्कोप घेतला आणि माल आल्यावर कळलं की ते वेगळं लायसन्स, वेगळा खर्च.

आपल्या टेबलावरच्या चाचण्या

अर्धा तास चालू ठेवून गरम होऊ द्यायचा, मग सेल्फ कॅलिब्रेशन, मग सुरुवात. पुण्यात एप्रिल-मेमध्ये एसी नसलेल्या शेडमध्ये करत असाल तर दुपारी परत एकदा करून बघा, सकाळचा आणि दुपारचा ऑफसेट किती हलतो ते कळेल.

नॉईजची चाचणी आम्ही मुद्दाम गुरुवारी करतो. भोसरीत गुरुवारी सुट्टी, शेजारचं वेल्डिंग बंद, वरच्या मजल्यावरचा सीएनसी बंद. इनपुटला ५० ओहमचं टर्मिनेटर लावायचं, बाकी काही नाही, १ मिलिव्होल्ट पर डिव्हिजन, पूर्ण बँडविड्थ, आणि एसी आरएमएस मेजरमेंट. आकडा लिहून ठेवायचा, मग २० मेगाहर्ट्झची लिमिट लावून परत. १ गिगाहर्ट्झच्या स्कोपवर बँडविड्थ ५० पट कमी झाली तर नॉईज साधारण ७ पट उतरायला हवा, म्हणजे ५० च्या वर्गमुळाइतका. तीनच पट उतरला तर खालच्या फ्रिक्वेन्सीला काहीतरी गुणगुणतंय, एफएफटी (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल आहे ते दाखवणारं गणित) लावून बघा, बऱ्याचदा आतल्या पॉवर सप्लायचा काटा उभा दिसतो. असा काटा मी एका महागड्या स्कोपवर पाहिलाय आणि एका स्वस्त स्कोपवर अजिबात नाही, त्यामुळे किमतीवरून ठरवू नका. शुक्रवारी शेजाऱ्याचं वेल्डिंग चालू असताना हेच सगळं परत करायचं, कारण रोज काम तिथेच करायचंय.

त्याच सेटिंगवर डेटा सीएसव्हीत सेव्ह करा आणि सगळ्यात लहान पायरी किती ते एक्सेलमध्ये बघा. १ मिलिव्होल्ट पर डिव्हिजनला १२ बिटची पायरी साधारण २ मायक्रोव्होल्ट यायला पाहिजे. ८ येत असेल तर खरी रेंज ४ मिलिव्होल्ट पर डिव्हिजनचीच आहे आणि वरचं नुसतं सॉफ्टवेअरने ताणलेलं चित्र.

मग एजची, म्हणजे सिग्नल खालून वर किती झटकन उडी मारतो त्याची चाचणी. स्कोपला स्वतःला लागणाऱ्या वेळेचं सूत्र ०.३५ भागिले बँडविड्थ, म्हणजे १ गिगाहर्ट्झला ०.३५ नॅनोसेकंद. त्यासाठी तेवढीच झटपट एज लागते, साध्या फंक्शन जनरेटरचं काम नाही. २एन२३६९ ट्रान्झिस्टरचा अॅव्हलांच पल्सर (झटपट एज देणारं छोटं सर्किट) घरी बनवता येतो, ९० व्होल्टच्या आसपास लागतात, आणि एज साधारण ३५० पिकोसेकंदाची मिळते. आमच्या काकांनी (आमचे टेक्निशियन, तीस वर्षांचा हात) बुधवार पेठेत तापकीर गल्लीतून सामान आणून एका दुपारी पितळी पट्टीवर उभा केला. दोन्ही ०.३५ असले तर स्कोपवर साधारण ०.५ दिसायला पाहिजे, कारण वर्गांची बेरीज करून वर्गमूळ. पण आकड्यापेक्षा आकार बघा. एज यायच्या आधीच लाटा दिसत असतील तर ते तुमच्या सिग्नलमध्ये नाही, स्कोपच्या डिजिटल फिल्टरचं किंवा इंटरपोलेशनचं काम आहे. थोड्या असणं चालतं, पण आपल्या सिलिकॉन कार्बाइड मॉसफेटच्या गेटवरचं खरं रिंगिंग (सिग्नलच्या स्वतःच्या लाटा) त्यातून वेगळं काढता आलं पाहिजे.

ओव्हरड्राइव्हची चाचणी पॉवरवाल्यांनी चुकवू नका. ५ व्होल्टचा स्क्वेअर वेव्ह द्यायचा आणि ५० मिलिव्होल्ट पर डिव्हिजनला फक्त तळ बघायचा. वरचा भाग स्क्रीनबाहेर गेला की स्कोपचा अँप्लिफायर तुंबतो, तो भानावर यायला किती वेळ लागतो ते मोजा. तळ वाकडा दिसला आणि हळूहळू सरळ झाला तर तो वाकडेपणा सिग्नलचा नसून स्कोपचा असायची शक्यता खूप, रेंज मोठी करून ताडून बघा.

आता खरी गंमत, सगळं एकदम चालू करायची. चार चॅनल, पूर्ण मेमरी, एफएफटी, दोन डिकोड (सिग्नलमधला डेटा वाचून दाखवणं), सहा मेजरमेंट. एकेकटं सगळ्यांचंच छान चालतं. एकदम लावल्यावर टच किती वेळाने ऐकतो, नॉब फिरवल्यावर ट्रेस मागे रेंगाळतो का, कुठलं मेजरमेंट गुपचूप बंद पडतं का, ते बघा. आणि माझा डेड टाईमचा किस्सा इथेच तपासायचा, लांब टाइमबेसवर मेजरमेंट घ्यायचं, मग थांबवून झूम करून कर्सरने तेच मोजायचं. आकडे जुळत नसतील तर तो स्कोप मेजरमेंट पूर्ण मेमरीवर करत नाहीये.

डिकोडसाठी आम्ही एक साधी युक्ती करतो. मायक्रोकंट्रोलरवरून कॅनच्या (गाड्यांमधल्या डेटा नेटवर्कच्या) फ्रेम सोडायच्या, ५०० केबीपीएस, डेटामध्ये एक काउंटर, प्रत्येक फ्रेमला एकाने वाढणारा. १ सेकंदाचं कॅप्चर, १ कोटी पॉइंट, म्हणजे बिटमागे २० सँपल, भरपूर झाले. अर्ध्या लोडला २००० च्या आसपास फ्रेम येतात. डिकोडचं टेबल सीएसव्हीत काढून काउंटर सलग आहे का बघायचं. एका मॉडेलमध्ये टेबल बरोबर १००० ओळींवर थांबलं, ना चेतावणी ना काही. सेल्सवाले म्हणाले, "सर, पुढच्या फर्मवेअरमध्ये येणारच आहे." पुढच्या फर्मवेअरमध्ये येणाऱ्या गोष्टीची किंमत मी शून्य धरतो, आणि तुम्हीही धरा. आज चालतंय त्याचेच पैसे द्यायचे.

शेवटी रात्रभराची चाचणी. लॅनने जोडायचा, पायथनमध्ये पायविसा (उपकरणं चालवायची लायब्ररी) वापरून दर पाच सेकंदाला सिंगल कॅप्चर, डेटा ओढायचा, फाईल लिहायची, आणि घरी जायचं. सकाळी किती कॅप्चर झाली, किती वेळा टाइमआऊट आला, पहिल्याला किती वेळ लागला होता आणि शेवटच्याला किती. वेळ वाढत गेला असेल तर आत मेमरी गळतीय. आमच्याकडे एक युनिट पहाटे तीनला अडकलेलं सापडलं, स्क्रीनवर घड्याळ पण तीनवरच. ते परत दिलं. हो, आणि चालू असताना मेन्स एकदा बंद करून बघा, कारण महावितरण काही विचारून लाईन घेत नाही. परत चालू होऊन जुन्या सेटिंगवर येतो का, आणि किती वेळात.

प्रोब, सर्व्हिस आणि पैसे

नव्या सिरीजला नवा प्रोब कनेक्टर असेल तर सावध. प्रत्येक मोठ्या कंपनीचं सॉकेट वेगळं, एकाचा अॅक्टिव्ह प्रोब दुसऱ्याला बसत नाही, आणि हाय व्होल्टेज डिफरन्शियल किंवा आयसोलेटेड प्रोब घ्यायला गेलात तर त्यांची किंमत कधीकधी स्कोपच्या बरोबरीला जाते. प्रोब आज स्टॉकमध्ये आहे का, की कॅटलॉगमध्ये फक्त फोटो आहे, हे विचारा. जुने प्रोब कोणत्या अडॅप्टरने चालतील तेही.

सर्व्हिसबद्दल एकच प्रश्न विचारतो: बिघडला तर जातो कुठे, बंगळुरूला, सिंगापूरला की चीनला, आणि तोपर्यंत बदली युनिट मिळतं का? नव्या मॉडेलचे बोर्ड बऱ्याचदा भारतात ठेवलेले नसतात, त्यामुळे पहिल्या वर्षी दुरुस्ती म्हणजे बहुधा बाहेरचीच वारी. कॅलिब्रेशनला एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यतेची लॅब त्या मॉडेलची पूर्ण बँडविड्थ कव्हर करते का ते आधी फोन करून घ्या, ऑटोमोटिव्ह ऑडिटमध्ये तो कागद मागतातच.

पैशाच्या बाबतीत कोटेशन एका ओळीत मागू नका. बेस, प्रत्येक ऑप्शन, प्रत्येक प्रोब, वाढीव वॉरंटी, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. मग त्याच कंपनीच्या आधीच्या मॉडेलचं कोटेशन शेजारी ठेवा, नवं आलं की जुन्यावर चांगली सूट निघते, आणि खूप वेळा जुन्यातच तुमचं काम होतं. आम्ही गेल्या वेळेला तेच केलं.

मग थांबायचं कधी? पाया नवा, रिलीज नोटमध्ये अजून ट्रिगर आणि मेजरमेंटच्या दुरुस्त्या येतायत, आणि तुमचं काम जुन्यावर चालतंय, या तिन्हीला हो असेल तर सरळ वर्षभर थांबा. पण गिगाबिट ऑटोमोटिव्ह इथरनेटसारखं काम हातात आलंय, जिथे सेकंदाला ७५० मेगासिंबॉल जातात आणि जुना २०० मेगाहर्ट्झवाला बघूच शकत नाही, तर थांबून ग्राहक घालवू नका. फक्त ज्या चाचणीत नापास झालाय ते काम त्या स्कोपवर करायचं नाही असा कागद वर चिकटवून ठेवा, आमच्याकडे अजून आहे, "लांब टाइमबेसवर मेजरमेंटवर विश्वास ठेवू नये", काकांच्या अक्षरात.

पीओमध्ये (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) फर्मवेअर व्हर्जन, हार्डवेअर रिव्हिजन आणि चालणारे ऑप्शन नावानिशी लिहा, आणि डेमोवर घेतलेल्या नॉईज आणि एजच्या स्क्रीनशॉटचं फोल्डर जपून ठेवा. माल आला की पहिल्या गुरुवारी तेच टर्मिनेटर, तोच पल्सर लावून तेच आकडे परत घ्यायचे, वेल्डिंगवाला यायच्या आत.